युद्धकलापटांचे व्हिडिओ-प्रकाशन आणि चलत बोधचिन्हे : शॉ ब्रदर्सच्या ढालीच्या संदर्भात

चित्रपटाच्या श्रेयनामावलीचा विचार समीक्षेत अधूनमधून झालेला आढळतो. परंतु तिच्याही आधी पडद्यावर येणाऱ्या चलत बोधचिन्हाकडे बहुधा दुर्लक्षच होते. घरगुती व्हिडिओच्या प्रसारानंतर हे दुर्लक्ष समर्थनीय राहिलेले नाही. डीव्हीडीवर मूळ निर्मितिसंस्थेच्या चिन्हापूर्वी प्रकाशकाचे, कधी हक्कधारकाचे चिन्ह येते आणि प्रेक्षकाने पुढे काय अपेक्षावे, हे तेथेच ठरून जाते. हाँगकाँगच्या चित्रपटांना याची मोठी किंमत मोजावी लागली आहे.

रन रन शॉ यांनी १९५८ मध्ये हाँगकाँग येथे शॉ ब्रदर्सची उभारणी केली. १९६१ मध्ये क्लिअरवॉटर बे येथे 'मूव्हीटाउन' हा विस्तीर्ण स्टुडिओ सुरू झाला. रंगीत, धूसर काचेसारख्या पार्श्वभूमीवर 'एस' व 'बी' ही अक्षरे धारण करणारी ढाल, सोबत वाद्यांचा दणदणीत घोष आणि रुंद पडद्याची ग्वाही देणारे 'शॉस्कोप' हे नाव, असे या चिन्हाचे स्वरूप होते. ढालीचा आकार वॉर्नर ब्रदर्सच्या चिन्हाची आठवण करून देतो, हे उघड आहे. तथापि केवळ अनुकरण म्हणून तिची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. हॉलिवूडच्या तोडीची चित्रनगरी आशियातही उभी आहे, हा दावा त्या काही सेकंदांत सामावलेला होता. १९७० मध्ये रेमंड चाउ व लिओनार्ड हो यांनी शॉमधून बाहेर पडून 'गोल्डन हार्वेस्ट' स्थापन केली. तिच्या चिन्हात चार पट्टे सरकत एकत्र येतात; ढाल नाही, राजचिन्हाचा थाट नाही. प्रतिस्पर्ध्याशी असलेले अंतर येथे आकारातूनच व्यक्त झाले आहे.

शॉच्या ढालीने कोणत्याही एका चित्रप्रकाराचे वचन दिलेले नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे. ली हान-श्यांग यांच्या 'द लव्ह इटर्न' (१९६३) या ह्वांगमेई संगीतिकेवर जे चिन्ह होते, तेच चांग चेह यांच्या 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'वर (१९६७) होते. आज मात्र पाश्चात्त्य प्रेक्षकाला ढाल दिसताच कुंग-फू आठवते. हा अर्थसंकोच घडवण्यात व्हिडिओ-प्रकाशनाचा वाटा मोठा आहे. सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये शॉच्या सुमारे ७६० चित्रपटांचे हक्क घेतले आणि २००२ पासून डीव्हीडी येऊ लागल्या. त्यांत संगीतिका व कौटुंबिक चित्रपटही होते. अमेरिकेत द वाइनस्टीन कंपनीने २००६ मध्ये 'ड्रॅगन डायनॅस्टी' हे लेबल काढले. त्याच्या नावातच मारामारीप्रधान आशियाई चित्रपटाचे आश्वासन होते. अशा नावामागून आलेली ढाल आपोआप त्या आश्वासनाची साक्षीदार बनते. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिने पक्का केलेला अर्थ मात्र टिकून आहे.

क्वेंटिन टॅरेंटिनो यांच्या 'किल बिल : व्हॉल्यूम १'च्या (२००३) प्रारंभी शॉस्कोपचे चिन्ह झळकते. शॉ ब्रदर्सची निर्मिती नसलेल्या चित्रपटात ते अवतरणासारखे वापरलेले आहे. ही आदरांजली प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु येथे ढाल निर्मात्याची सही न राहता एका शैलीची खूण झाली, हेही तितकेच खरे.

ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओने २०२१ मध्ये काढलेल्या संचाचे तर नावच 'शॉस्कोप' आहे. रुंद पडद्याच्या तंत्राचे नाव तेथे संग्रहाचे शीर्षक झाले. पहिल्या खंडातील १२ चित्रपटांपैकी ११ युद्धकलापट आहेत. बारावा 'द मायटी पेकिंग मॅन' (१९७७), म्हणजे महाकाय वानराची कथा, जिचे काही चित्रीकरण म्हैसूर परिसरात झाले होते. संगीतिका या खंडात एकही नाही.