भस्मासुर म्हटले की सुटलो?

चिखलीत आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा पाठ घेताना मी वि. ग. कानिटकर यांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ हे पुस्तक सोबत नेले होते. मुखपृष्ठ वाचून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, भस्मासुर यानी क्या?” मी वरदानाची कथा सांगितली. ती म्हणाली, “मतलब, वो इन्सान नहीं था?” या प्रश्नाने मला पुस्तकाच्या शीर्षकाकडे नव्याने पाहायला लावले.

कानिटकरांचे मोठे श्रेय हे की, हिटलरचा इतिहास त्यांनी सर्वसामान्य मराठी वाचकाच्या घरात नेला. शीर्षकही अर्थपूर्ण आहे. भस्मासुराची शक्ती स्वतःची नसते. ती त्याला दिली जाते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबर्गने हिटलरला चॅन्सेलर नेमले. २३ मार्चला संसदेने मतदान करून त्याच्या सरकारला कायदे करण्याचा अधिकार दिला. ३० एप्रिल १९४५ रोजी त्याचा शेवट झाला तोही स्वतःच्याच हाताने.

पण छळछावण्यांच्या दारात ही उपमा अपुरी पडते. छावण्या असुरासोबत भस्म झाल्या नाहीत. त्या सैन्याला लढत येऊन उघडाव्या लागल्या. २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्य ऑशविट्झला पोहोचले तेव्हा तेथे सुमारे ७,००० आजारी, दुर्बल कैदी उरले होते. हजारो कैद्यांना त्याआधीच बर्फातून पायी हाकलण्यात आले होते. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य बेर्गन-बेल्सेनमध्ये शिरले. तेथे सुमारे ६०,००० कैदी होते आणि हजारो प्रेते दफनाविना पडली होती. फाटक उघडल्यानंतरही तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. असुराचा अंत आणि पीडितांची सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय हे सारे चालवले कोणी? याद्या करणाऱ्या कारकुनांनी, रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढले गेले, तेव्हा हजेरीपटावरची नावे माझ्यासारख्याच कोणा शिक्षकाने खोडली असणार. ‘असुर’ या शब्दात तो शिक्षक सापडत नाही.

अशाच आणखी एका शब्दाची येथे आठवण होते. ऑशविट्झमधून वाचलेले इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की, उपासमारीने खचून मरणपंथाला लागलेल्या कैद्याला छावणीच्या बोलीत ‘मुझेलमान’, म्हणजे मुसलमान, म्हणत. या शब्दामागची कारणे वेगवेगळी सांगतात. वाकलेले शरीर सजद्यातल्या माणसासारखे दिसे, हे त्यांपैकी एक. आपल्याला हा शब्द बोचणारच. पण केवळ दुखावून थांबलो तर त्यातला धडा हातचा जाईल. मारणाऱ्याला असुर म्हटले, मरणाऱ्याला परका म्हटले, की दोघेही ‘आपल्यातले’ राहत नाहीत. आपणही कोणाला ‘शैतान’ म्हणून असेच मोकळे होत नाही का?

कानिटकरांचे पुस्तक जरूर वाचावे, मुलांच्याही हाती द्यावे. मात्र शीर्षकाशी थांबू नये. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, “बेटी, इन्सान ही था. आणि त्याचे ऐकणारेही माणसेच होती.”