जट, देवी आणि कारणमीमांसा

सौंदत्तीच्या यल्लम्माला भाषेची सीमा ठाऊक नाही. पुनवेच्या सुमारास खडेबाजारात परडी घेतलेली जोगतीण दाराशी आली, की मराठी दुकानदार परडीत पैसा टाकतो आणि कानडी गिऱ्हाईक कपाळाला भंडारा लावून घेते. 'उदो'चा गजर दोन्ही भाषांत एकच. या श्रद्धेचा उलगडा करण्याच्या तीन वाटा मराठी लेखनात दिसतात: रा. चिं. ढेरे यांचे संशोधन, राजन गवस यांची कादंबरी आणि नरेंद्र दाभोलकर यांचे विवेकवादी लेखन. मुलीच्या केसांत जट झाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, ही एकच समजूत घेऊन या वाटा आपल्याला कुठवर नेतात, ते पाहू.

प्रथम शरीराची बाजू. केसाच्या बाहेरच्या थरावर सूक्ष्म खवले असतात. केस धुतले-विंचरले नाहीत, त्यात घाम, तेल आणि धूळ साचत गेली, की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर दाबून बुरणूस व्हावा तसा केसांचा घट्ट गोळा होतो. विज्ञानाचे उत्तर एवढेच आहे आणि ते पुरेसे स्पष्ट आहे. पण खरी गोम पुढेच आहे. गुंता दिसताच घरातली थोरली बाई म्हणते, "फणी लावू नको, आईची जट हाय." फणी थांबते, म्हणून गुंता वाढतो, आणि वाढलेला गुंता पाहून खात्री पटते. येथे श्रद्धा आपला पुरावा आपणच तयार करते.

मग देवीच का? ढेरे यांच्या 'लज्जागौरी' (1978) या ग्रंथात रेणुका-यल्लम्मेचे नाते भूमीशी आणि वारुळाशी जोडलेले आहे. परशुरामाच्या कथेखाली सर्जनशील धरणीची फार जुनी उपासना दडलेली आहे, हे ते साधार मांडतात. वाचकाचा आदर वाढवणारे हे विवेचन आहे. मात्र देवी मुळात कोण, हे त्यातून कळले, तरी आजच्या एखाद्या घरातली मुलगी तिला का वाहिली जाते, हे त्यातून कळत नाही. शिवाय प्रथा प्राचीन आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हे वाचकाला स्वतःच ध्यानात ठेवावे लागते.

ही उणीव गवसांच्या 'चौंडकं' (1985) या कादंबरीने भरून काढली. जटेपायी देवीला सोडलेल्या सुलीची ही कथा. गडहिंग्लज भागाची कानडी वळणाची बोली आपल्याला टिपांशिवाय समजते, आणि म्हणूनच ती जास्त बोचते. समजुतीमागे भीती असते, गरिबी असते, गावाचा दाब असतो आणि कुणाचा तरी स्वार्थही असतो, हे येथे व्याख्यानाविना कळते. डेव्हिड ह्यूमने 1757 साली धर्माचा उगम अनिश्चित जीवनातल्या आशेत आणि भयात शोधला होता. त्या सिद्धान्ताला सुलीच्या कथेत हाडामांसाचे रूप मिळते.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. कारण सापडले म्हणजे देव खोटा ठरला काय? नाही. श्रद्धेचा उगम सांगणे वेगळे आणि तिच्या विषयाचे अस्तित्व खोडणे वेगळे. उत्साही विवेकवादी येथे एक पायरी गाळतो. पण 'जट कापली तर घरावर कोप होईल' हे विधान तपासता येते. अडचण अशी, की कापल्यावर काही झाले नाही तर 'आईने क्षमा केली' आणि ताप आला तर 'कोप झाला', असे म्हणण्याची सोय आधीच केलेली असते. कार्ल पॉपरच्या कसोटीने, ज्याला कोणतीही घटना खोटे ठरवू शकत नाही, ते विधान अनुभवाचे ज्ञान देत नाही. दाभोलकरांच्या लेखनाचे बळ या ठिकाणी आहे. देवाधर्माशी सरसकट भांडण न काढता, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणावर त्यांनी बोट ठेवले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडात वचनसाहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांची. चिकित्सेची किंमत दोन्ही भाषांनी मोजली आहे. तरी बाह्य अवडंबराला प्रश्न विचारणारे बाराव्या शतकातले शरण आणि आपले वारकरी संत, दोघेही श्रद्धावंतच होते, हे विसरता येत नाही.

म्हणून या तिन्ही वाटा एकत्र वाचाव्यात. ढेऱ्यांवाचून विवेकवाद कोरडा होतो, गवसांवाचून संशोधन दूरचे राहते, आणि दाभोलकरांवाचून दोन्ही वाचून आपण नुसते हळहळतो. देवदासी म्हणून मुली वाहण्यास बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा 1982 चा आहे. पण पहिला गुंता कायद्याला दिसत नाही, तो आईला किंवा आज्जीला दिसतो. त्या वेळी खोबरेल, फणी आणि थोडा धीर, नाहीच सुटला तर कात्री, एवढे त्या घरात झाले पाहिजे. मग त्याच मुलीने केस विंचरून, शाळेची सुट्टी पाहून, पुनवेला डोंगरावर जायचे ठरवले, तर तिला अडवण्याचे कारण विज्ञानाकडेही नाही आणि तत्त्वज्ञानाकडेही नाही.