गुणांची बेरीज म्हणजे मूल्यमापन नव्हे: मुलांवरच्या आघाताचं मोजमाप

सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधन साधने’ हा भाग लिहायची वेळ आली की बरेच जण तयार प्रश्नावली शोधतात, तिचं मराठी करतात आणि पुढे सरकतात. तुमचा विषय मुलांवरचे मानसिक आघात असेल आणि सॅम्पल भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कामगार वस्त्यांमधलं असेल, तर इथे जरा थांबा.

सगळ्यात जास्त फिरते ती ‘एस’ची, म्हणजे बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची, दहा प्रश्नांची यादी. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन; प्रत्येक ‘हो’ला एक गुण. या यादीमागचा फेलिटी आणि अँडा यांचा अभ्यास १९९८ चा. सॅन दिएगोतल्या, आरोग्य विमा असलेल्या प्रौढांनी आठवून दिलेल्या उत्तरांवर तो उभा आहे. गुण जास्त तसा पुढच्या आजारांचा धोका जास्त, हे त्यातून दिसलं. शोध मोठाच होता, पण तो समूहाबद्दल होता. एकेका व्यक्तीच्या चाचणीसाठी हा गुण योग्य नाही, हे खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांसह २०२० मध्ये लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेची विस्तारित प्रश्नावलीसुद्धा १८ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे. मग आठवीतल्या मुलाला आपण ती कशाच्या जोरावर देतो?

खरी अडचण वेगळीच आहे. ही यादी घटना मोजते. मुलात काय उरलं ते मोजत नाही. समजा, दोन मुलांना चार-चार गुण पडले. एकाजवळ विश्वासाची आजी आहे, दुसऱ्याजवळ कुणीच नाही. कागदावर दोघं सारखीच.

‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, जटिल आघातोत्तर विकाराला स्वतंत्र जागा आहे. घटना पुन्हा जगल्यासारखी वाटणं, टाळाटाळ आणि सततची धोक्याची जाणीव ही तीन लक्षणं. त्यांच्यासोबत भावना न आवरणं, स्वतःबद्दल हीन भावना आणि नाती टिकवण्यातली अडचण. ‘इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर’ची मुलांसाठीची आवृत्ती (७ ते १७ वर्षं) नेमकं हेच विचारते, शिवाय शाळा, मैत्री, घर यांवर काय परिणाम झाला तेही. दोन्हींत निवडायचं तर मी हीच निवडेन. पण डोळे मिटून नाही.

का, ते बघा. टाळाटाळ करायला जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ज्याची भीती वाटते त्याच्याच शेजारी झोपावं लागतं. मूल टाळणार कुठे आणि कसं? तिथे गुण कमी पडले म्हणजे त्रास कमी, असं होत नाही. धोक्याच्या जाणिवेचं उलट. बाप रोज रात्री पिऊन येत असेल, तर दाराच्या आवाजाला दचकणं हे जुन्या घटनेचं लक्षण की आजच्या धोक्याचा अचूक अंदाज? प्रश्नावली फक्त दचकणं नोंदवते.

मग शब्द. ‘अपयशी’ म्हटलं की शाळकरी मूल ‘नापास’ ऐकतं आणि निकाल सांगतं. ‘बधिर’ म्हटलं की ते कानाबद्दल किंवा दातांच्या डॉक्टरबद्दल बोलू लागतं. शिवाय या पट्ट्यात मराठवाड्यातून आलेलं मूल आणि बिहारमधून आलेलं मूल एकाच बाकावर असतं. त्यामुळे भाषांतर, उलट भाषांतर आणि त्यानंतर थोड्या मुलांना ‘तुला हा प्रश्न काय समजला?’ असं विचारणं, यातली एकही पायरी गाळू नका.

शेवटचा मुद्दा एथिक्स कमिटीपुरता ठेवू नका. मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर ‘पोक्सो’ कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘हे कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. सांगितल्यावर मूल त्या रात्री कुठे झोपेल, समुपदेशक कोण, बालकल्याण समितीपर्यंत कसं पोहोचायचं, हे पहिला प्रश्न विचारण्याआधी लिहून ठेवा. याचं उत्तर नसेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही.

गुण हवेतच, त्यांच्याशिवाय तुलना होत नाही. पण मूल्यमापन म्हणजे गुण, मुलाशी निवांत बोलणं, शिक्षकाची निरीक्षणं आणि सुरक्षित असेल तिथे पालकाचं म्हणणं, हे सगळं मिळून. साधनांच्या त्या एका ओळीत हे चारही आले पाहिजेत.