आलेखाचे व्याकरण आणि आलेखाचे घटकद्रव्य

संख्याशास्त्रीय आलेखनाच्या चर्चेत 'निम्नस्तरीय' हे विशेषण जितक्या सहजतेने वापरले जाते, तितक्या सहजतेने ते तपासले जात नाही. रेषा, बिंदू, चौकट, बहुभुज आणि अक्षरे हे आलेखाचे मूळ घटक होत. त्यांना हात लावणे हे कारागिराचे काम आहे, अभ्यासकाचे नव्हे. अभ्यासकाने आपली सामग्री द्यावी, आज्ञा लिहावी आणि जो आलेख उमटेल तो स्वीकारावा, असा समज भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांत तरी बराच रूढ आहे. विदर्भातील बोलींचा नकाशा काढू पाहणाऱ्यास हा समज फार महाग पडतो. तो का पडतो हे पाहण्यासाठी 'आर' या संगणकभाषेतील आलेखनव्यवस्थेची रचना थोडी उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ही भाषा घडविली; तिची पहिली पूर्णत्वास गेलेली आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठातील पॉल मरेल यांनी तिच्यासाठी 'ग्रिड' ही आलेखनप्रणाली रचली. या प्रणालीत कागदावर उमटणारी प्रत्येक वस्तू ही नुसती शाई नसून नाव, गुणधर्म आणि स्थान असलेली एक स्वतंत्र वस्तू असते. 'ग्राफिकल ऑब्जेक्ट' या दोन शब्दांचा संक्षेप करून तिला 'ग्रोब' म्हटले गेले. दीपायन सरकार यांची 'लॅटिस' आणि हॅडली विकहॅम यांची 'जीजीप्लॉट-टू' या दोन्ही लोकप्रिय प्रणाली या ग्रिडच्याच पायावर उभ्या आहेत. तथापि पायाचे नाव इमारतीत राहणाऱ्यांच्या तोंडी क्वचितच येते. विकहॅम यांच्या २००९ सालच्या ग्रंथात ग्रिडला जागा मिळाली ती परिशिष्टात. ग्रंथाची मांडणी ध्यानात घेता ते स्वाभाविकच होते. पण परिशिष्टात जे गेले ते ऐच्छिक, असा अर्थ वाचकाने घेतला आणि तो मात्र चुकीचा होता.

जीजीप्लॉट-टूची वैचारिक बैठक लेलंड विल्किन्सन यांच्या 'आलेखांचे व्याकरण' या १९९९ सालच्या इंग्रजी ग्रंथात आहे. सामग्री, तिच्यातील चलांची दृश्य गुणांशी जोडणी, मापश्रेणी, निर्देशक-पद्धती, आकृतिरूपे या पदांच्या नियमबद्ध संयोगातून आलेख सिद्ध होतो, ही ती कल्पना. भाषेच्या अभ्यासकास ती तत्काळ आवडते, आणि आवडावी अशीच ती आहे. परंतु 'व्याकरण' हा शब्द उसना घेताना त्याचा शेजारी मागेच राहून गेला. आपल्याकडे षड्वेदांगांत व्याकरण आहे तशी उच्चारणाचे शास्त्र असलेली 'शिक्षा'ही आहे. आणि स्थान, करण, मात्रा, बल यांची चर्चा करणारे हे शास्त्र व्याकरणाहून हलके आहे, असे कोणा प्राचीन आचार्याने म्हटल्याचे दिसत नाही. पदसिद्धी कितीही निर्दोष असली तरी उच्चार चुकला की अर्थ चुकतो, हे त्या परंपरेला पक्के ठाऊक होते. ग्रिड ही आलेखाची शिक्षा आहे. आलेखाचे व्याकरण ज्या प्रश्नांवर मौन बाळगते, त्या प्रश्नांची उत्तरे तिथे द्यावी लागतात. आणि जो ती देत नाही त्याच्या वतीने प्रणालीचा कर्ता ती आधीच देऊन ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. वऱ्हाडीत आणि नागपूरकडील बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येण्याची प्रवृत्ती सर्वपरिचित आहे: 'डोळा'चा 'डोया', 'शाळा'ची 'शाया'. एकाच गावात वय, शिक्षण आणि प्रसंग यांनुसार दोन्ही उच्चार ऐकू येतात. म्हणून नकाशावर गावाच्या जागी एक वर्तुळ काढून त्याच्या पाकळ्यांनी दोन उच्चारांचे प्रमाण दाखविणे हा बोलीभूगोलातील सामान्य प्रघात आहे. आता या वर्तुळाचे मध्य कोठे असावे हे सामग्री सांगते: गावाचे अक्षांश व रेखांश. परंतु त्याची त्रिज्या कशात मोजावी? ती अंशांतच मोजली तर काय होते पाहा. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशाहून सुमारे ७ टक्के आखूड भरतो. प्रमाणबद्ध नकाशावर हे वर्तुळ आडव्या बाजूने आक्रसते, त्याच्या पाकळ्यांचे कोन बिघडतात, आणि पूर्व-पश्चिम पसरलेली पाकळी दक्षिणोत्तर पाकळीच्या मानाने आखूड दिसू लागते. शिवाय नकाशा एकट्या नागपूर जिल्ह्यापुरता मोठा केला की वर्तुळही फुगते, जणू गावात बोलणारे वाढले!

ग्रिडमध्ये या रोगावर उपाय आहे आणि तो 'युनिट' या कल्पनेत आहे. येथे प्रत्येक अंतराला एकक असते, आणि एकक निवडणे म्हणजे ते अंतर कोणाच्या वतीने बोलते हे ठरविणे. 'नेटिव्ह' हे एकक सामग्रीच्या वतीने बोलते. मिलिमीटर कागदाच्या वतीने. 'लाइन' हे एकक अक्षराच्या वतीने. आणि 'एनपीसी' हे ज्या चौकटीत चित्र बसले आहे त्या चौकटीच्या वतीने. वर्तुळाचा मध्य नेटिव्हमध्ये आणि त्रिज्या मिलिमीटरमध्ये लिहिली की वरील दोष उरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही एकके परस्परांत मिळविता येतात. गावाचे नाव 'रेखांश ७९.०९ नेटिव्ह अधिक २ मिलिमीटर' इतक्या जागी ठेवावे, असे म्हणता येते, आणि ही बेरीज कागदाचा आकार ठरेपर्यंत तशीच न सोडविता राखली जाते. गावापासून नाव किती दूर असावे हा भूगोलाचा प्रश्न नाही, वाचनाचा आहे. आणि ही दोन्ही विधाने एकाच पदावलीत वेगवेगळी ओळखू येतात. व्याकरणाच्या वरच्या स्तरावर हा भेद करण्याची सोय पुष्कळदा नसते. मरेल यांच्या रचनेतील सर्वांत मौलिक विचार हाच असून त्याची जितकी दखल घेतली जावी तितकी घेतली गेलेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

इथपर्यंत ग्रोबचा पक्ष झाला. पण ग्रोब हाताळण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील एक सरळ सरळ अनिष्ट आहे. प्रचलित पद्धत अशी: जीजीप्लॉट-टूने आलेख पूर्ण करावा, त्याचे ग्रोबांच्या कोष्टकात रूपांतर करावे, त्यातील हवी ती वस्तू नावाने किंवा क्रमांकाने शोधून काढावी, आणि तिचा रंग, जागा, लांबी बदलावी. सिद्ध झालेल्या रूपावर ही शस्त्रक्रिया होय. तिच्यातील पहिली अडचण नावांची आहे. पुष्कळ ग्रोबांच्या नावांस प्रणाली आपोआप एक क्रमांक जोडते आणि तोच आलेख पुन्हा काढला की क्रमांक बदललेला असतो. कोष्टकातील नावे तुलनेने स्थिर, पण तीही कायमची नव्हेत: २०२४ साली निघालेल्या ३.५ या आवृत्तीत सूचीपेटीचे एकच नाव जाऊन बाजूंप्रमाणे पाच नावे आली, आणि जुन्या नावावर विसंबलेल्या आज्ञावली निकामी झाल्या. यास प्रणालीच्या कर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आतील नावे आतल्याच उपयोगासाठी होती.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ग्रिडमधील अनेक ग्रोब आपली अंगे आधी बनवून ठेवीत नाहीत. चित्र काढण्याच्या क्षणी कागदाचे माप पाहून ती घडवितात. त्यांच्या अंतरंगातील तुकड्यांना हात लावायचा असेल तर 'ग्रिड-फोर्स' ही आज्ञा देऊन ती अंगे आधीच घडवून घ्यावी लागतात. परंतु असे केले की ती वस्तू कागदाचे माप बदलले तरी स्वतःला बदलत नाही. 'रिव्हर्ट' करून मूळ रूप परत मिळविता येते खरे, पण मग केलेली दुरुस्तीही हाती राहत नाही. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर नियम टाकून देऊन एका उच्चाराचे लिप्यंतर तेवढे राखले जाते. त्या उच्चारापुरते ते बिनचूक असते. पण पुढचा उच्चार त्यातून निष्पन्न होत नाही.

यात पणाला काय लागले आहे ते समभाषरेषेच्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. 'ळ' आणि 'य' यांच्या क्षेत्रांमधील सीमारेषा संगणकाने सामग्रीवरून काढली, ती वर्धा नदीच्या आसपास परंतु वेडीवाकडी आली, आणि संशोधकाने त्या रेषेचा ग्रोब शोधून तिचे चार बिंदू नदीकडे सरकविले, असे समजा. नदी ही वऱ्हाड प्रांताची जुनी पूर्वसीमा असल्याने चित्र डोळ्यांना पटते. पुढे दहा नवी गावे नोंदविली जातात, वर्तुळे बदलतात, आणि रेषा मात्र जागची हलत नाही. वाचकास हे कळण्याचा मार्ग नाही, कारण दोन्ही वस्तू सारख्याच शाईने छापलेल्या आहेत. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली स्टेन कोनो यांच्या संपादनाने निघाला. या सर्वेक्षणाच्या १९२७ सालच्या प्रास्ताविक खंडात स्वतः ग्रियर्सन यांनी सावध केले आहे की येथील भाषा एकमेकींत हळूहळू मिसळत जातात, आणि नकाशावरील सीमा म्हणजे मुळात अनिश्चित असलेली स्थिती निश्चितपणे दाखविण्याचा एक संकेत समजावा. त्यांच्या काळी ही सूचना गद्यातच देता येत होती. रेषेला ती स्वतःच्या अंगावर वागविता येत नव्हती.

आज ती वागविता येते, आणि ग्रोब हाताळण्याची दुसरी पद्धत नेमकी हीच. ग्रिडमध्ये 'जी-ट्री' नावाची संयुक्त वस्तू रचता येते. तिच्यात गावांची निरीक्षणे ठेवावीत, आणि चित्र काढण्याच्या क्षणी चालणारी 'मेक-कॉन्टेंट' ही कृती तिच्यासाठी स्वतः लिहावी. ही सोय २०१३ सालापासून उपलब्ध आहे. या कृतीने निरीक्षणांवरून रेषा काढावी, जेथे वक्ते थोडे तेथे ती फिकट करावी, जेथे दोन्ही उच्चार समप्रमाणात तेथे रेषेऐवजी पट्टा उमटवावा. असे केल्यास सुधारणा रूपावर होत नाही, रूप निष्पन्न करणाऱ्या नियमावर होते. नवे गाव आले की रेषा सरकते. संशोधकाला रेषा नदीकडे ओढायचीच असेल तर तसा नियम लिहावा लागतो, आणि लिहिलेला नियम परीक्षकास वाचता येतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या सहकार्याने झालेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारख्या कार्यांमुळे सामग्री आता वाढत जाणारी आहे. एकदाच काढून टांगून ठेवायचा नकाशा तिला पुरणार नाही.

निम्न स्तरावर न उतरणाऱ्याच्या वतीने उत्तरे आधीच दिलेली असतात, असे वर म्हटले. त्याचा सर्वांत बोलका पुरावा लिपीच्या बाबतीत सापडतो. 'आर'मध्ये अक्षरपंक्तीची उंची विचारली असता यंत्र त्या पंक्तीतील अक्षरे पाहतच नाही. त्या टंकातील रोमन 'एम' या मोठ्या अक्षराची उंची घेते आणि ओळी अधिक असल्यास ओळींचे अंतर त्यात मिळविते. 'मौदा' या नावातील शिरोरेषेवरची मात्रा या हिशेबात नाही. ओळीखाली किती जागा सोडावी हे ठरविण्यासाठी जीजीप्लॉट-टूच्या ३.५ या आवृत्तीतही खाली शेपूट असलेली जी, जे, पी, क्यू, वाय ही रोमन अक्षरेच मोजली जातात. 'कुही'चा उकार आणि 'मूल'चा ऊकार त्यांच्या शेपटांवर बेतून घ्यावे लागतात. खऱ्या अक्षरांचे माप देणारी कृती ग्रिडमध्ये आहे, परंतु ती एकेक वर्ण सुटा मोजते, आणि 'भट्टी'तील उभे जोडाक्षर हे त्याच्या घटकांच्या मापांतून मिळत नाही. 'पीडीएफ' ही आरची मूळ मुद्रणवाहिनी तर देवनागरी उमटवूच शकत नाही. त्यासाठी 'कैरो'चा आधार घ्यावा लागतो. हे सारे दुष्टाव्याने झालेले नाही. एका लिपीचे लोक आपल्या गरजेपुरती सोय करीत गेले, आणि ती सोय सर्वसामान्य नियमाच्या वेषात आत बसली. २०२३ साली ४.३ या आवृत्तीत ग्रिडने 'ग्लिफ' हा नवा घटक स्वीकारला: अक्षरांची जुळणी बाहेरील समर्थ यंत्रणेने करावी आणि ग्रिडने तयार अक्षराकृती नेमून दिलेल्या जागी केवळ रंगवाव्यात. देवनागरीसाठी हाच मार्ग सरळ आहे. पण तो चोखाळण्यासाठी ग्रोबच्या पातळीवर उतरावेच लागते.

अर्थात प्रत्येक प्रबंधातील प्रत्येक आलेखासाठी हे कष्ट घ्यावेत असे नाही. अक्षाचे नाव मोठे करणे, पार्श्वभूमी पांढरी करणे, सूची खाली नेणे ही कामे वरच्या स्तरावरील सोयींनी होतात आणि तेथेच करावीत. या किरकोळ गोष्टींसाठी ग्रोब उकलत बसणाऱ्यास बहुधा व्याकरणच पुरते आलेले नसते. स्वराकृतींच्या आलेखात दोन्ही अक्ष उलटे करणे, जे ध्वनिविज्ञानात नित्याचे आहे, त्यासाठीही खाली उतरण्याचे कारण नाही. मात्र बोलीनकाशाला हात घालण्यापूर्वी एक छोटी परीक्षा अवश्य करावी. मौदा, कुही, मूल आणि वर्धा ही चार नावे एकाखाली एक, चौकटीत बसवून, तीन वेगवेगळ्या मापांच्या कागदांवर काढावीत; 'मौ'ची मात्रा, 'कु'चा उकार, 'मू'चा ऊकार आणि 'र्धा'वरील रफार तिन्ही कागदांवर चौकटीच्या आत राहतात की नाही, ते पाहावे.