हिस्लॉपची टिपणे आणि उटनूरचे प्रधान

परदेशी धर्मोपदेशकांच्या लेखनाकडे आपण बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. एक तर कोश-व्याकरणांबद्दल त्यांचे ऋण मानतो, नाही तर त्यांच्या हेतूविषयी शंका घेऊन ग्रंथ मिटून ठेवतो. त्या ग्रंथांत परक्या मुलखात वावरताना एका तरुण मनाने दिवसेंदिवस काय पाहिले व ऐकले, याची जी नोंद असते, तिचे वाङ्मयीन परीक्षण मात्र क्वचितच होते. स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांच्या आधारे तसा अल्प प्रयत्न येथे करावयाचा आहे.

स्कॉटलंडचे हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. शाळा चालविणे व उपदेश करणे हे त्यांचे नेमलेले काम. परंतु वाटेवरचे दगड, जीवाश्म, गोंडांचे देव, विवाहाचे विधी आणि नित्याचे शब्द यांची टिपणेही ते करीत राहिले. १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यांत प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले लिंगोचे गोंडी गीत आहे. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवितो, ही त्यातील मध्यवर्ती कथा.

शिकविण्यास आलेला मनुष्य ऐकण्यास बसला, यातच हिस्लॉप यांचे मोठेपण आहे असे आम्हांस वाटते. गोंडी शब्द जपण्याची त्यांची निष्ठा किती मोलाची होती, हे पुढे काय झाले ते पाहिल्यास कळते. फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात हीच कथा लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात आणली आणि लिंगोस ‘संत’ ही पदवी लाभली. वाचनीयता वाढली, पण गोंडांचा लिंगो दुरावला. तथापि हिस्लॉप यांच्या संग्रहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे कथा आपल्यापुढे राहते, सांगणारा मात्र मागे पडतो. किंगरीचे स्वर, ऐकणाऱ्यांचा मेळा व गाण्याचा प्रसंग यांवाचून हे गीत अर्धेच हाती येते.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली ती आदिलाबादच्या उटनूर भागात. १९४० मध्ये कोमराम भीम यांचा उठाव मोडला गेल्यानंतर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांस या भागात पाठविले. ते धर्मोपदेशक नव्हते. पण मारलवाई गावी पत्नी बेटी यांच्यासह ते गोंडांमध्ये राहिले. त्यांच्या १९४८ च्या ग्रंथात लिंगोची कथा सगा, देवक व सण यांच्या संदर्भासह येते. कोणते कुल कोणत्या कथेचे वारस आहे आणि प्रधानाने ती कोणापुढे गावयाची, हे तेथे समजते. त्यामुळे जुने गीत जिवंत आचाराचा भाग म्हणून दिसू लागते.

मराठी अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी गोष्ट याच भागात आहे. आदिलाबादच्या प्रधानांची घरची भाषा मराठी असल्याची नोंद हायमेनडॉर्फ यांनी केली आहे. गोंडांची महाकथा पिढ्यान् पिढ्या सांभाळणारे हे लोक आपल्याच भाषेचे आहेत. मारलवाईस १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तकांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. एका भाषेत संसार करून दुसऱ्या भाषेतील परंपरा गाणाऱ्या या गायकांस आमच्या वाङ्मयेतिहासात स्थान कोणते, याचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही.

बेटी यांचे १९८७ मध्ये निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. परक्यांनी या भूमीशी इतके नाते जोडले. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर हे आपले जिल्हे तर आदिलाबादच्या सीमेस लागूनच आहेत. तेथील महाविद्यालयांत मराठी शिकविणाऱ्यांनी वही घेऊन प्रधानांच्या अंगणात बसावे, गीताबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव व प्रसंगही लिहून घ्यावा. सत्तावीस वर्षांच्या परक्या तरुणास जे सुचले, ते शेजाऱ्यास न सुचावे, हे आम्हांस शोभणारे नाही.