नाव मोठं, लक्षण?

नवीन स्पीशीजचं वर्णन शिकताना आपण आदर्श पेपर वाचतो. आज मी मुद्दाम एक अडचणीचं उदाहरण घेतेय: अनॉफ्थॅल्मस हिटलरी.

हा ग्राउंड बीटल, म्हणजे कॅराबिडी कुळातला भुंगेरा. स्लोव्हेनियातल्या मोजक्याच गुहांमध्ये सापडतो. ऑस्कर शाइबेल या हौशी संग्राहकाला त्याचा नमुना 1933 मध्ये मिळाला. 1937 मध्ये त्याने वर्णन छापलं आणि नाव हिटलरच्या आदरार्थ ठेवलं.

आता नाव सोडून भुंगेऱ्याकडे बघा. अनॉफ्थॅल्मस म्हणजे 'बिनडोळ्यांचा'. पण तेवढ्यावर ओळख पटत नाही. गुहेतले कितीतरी भुंगेरे आंधळे, फिकट आणि लांब पाय-मिशांचे असतात. अंधाराने सगळ्यांना जवळपास एकाच साच्यात घडवलंय. म्हणून खरी ओळख बारीक गोष्टींवर ठरते: इलिट्रावरच्या (पंखांवरच्या कडक झाकणांवरच्या) केसांच्या जागा आणि नराच्या जननेंद्रियाचा आकार. डायग्नोसिसमध्ये 'जवळच्या स्पीशीजपेक्षा हा वेगळा कशात?' याचं उत्तर हवंच. 'हिटलरी' या शब्दातून त्यातलं काहीही कळत नाही.

उलट त्याने नुकसान केलं. नाझी काळातल्या वस्तू जमवणारे लोक या भुंगेऱ्याच्या मागे लागले. आधीच दुर्मिळ, त्यात राहण्याची जागा छापून आलेली!

मग नाव बदलायचं का? अशी मागणी होते. 2023 मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नैतिक कारणांसाठी नावं बदलायला नकार दिला. मला तो निर्णय पटतो, कारण नाव बदललं की जुने पेपर, म्युझियममधली लेबलं, सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं. पण आयोगाच्या भूमिकेत एक पळवाट आहे. दुखावणारं नाव देऊ नये, ही कोडमध्ये फक्त शिफारस आहे, सक्तीचा नियम नाही. म्हणजे छापायच्या आधी लेखकाला अडवणारा नियम नाही, आणि छापल्यावर दुरुस्तीला जवळजवळ वाव नाही. सगळी जबाबदारी लेखकावर.

आणि उद्या तो लेखक तुम्ही असाल. गाईडचं, फंडिंग देणाऱ्याचं किंवा एखाद्या नेत्याचं नाव द्यायचा मोह होईल. द्यायचंच तर द्या, पण आधी स्वतःला विचारा: हा माणूस पन्नास वर्षांनी कसा आठवला जाईल? मला याचं खात्रीचं उत्तर कधीच देता आलेलं नाही. त्यामुळे माझी पसंती सरळ आहे: नाव गुहेचं, गावाचं किंवा लक्षणाचं. आणि सगळी मेहनत डायग्नोसिसवर.