मार्कंडा : एका गावाची दोन उसनी नावं

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याबद्दल काहीही वाचायला घ्या, 'मिनी खजुराहो' किंवा 'विदर्भाचं खजुराहो' हे शब्द लगेच भेटतात. या गावाला आणखी एक नाव आहे : 'विदर्भाची काशी'. दोन्ही नावं उसनीच; पण ती कोणी आणि कशासाठी घेतली, यात पर्यटनाचं अख्खं समाजशास्त्र आहे.

काशी हे नाव नदीमुळे पडलं. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा इथे वळून उत्तरवाहिनी होते, काशीच्या गंगेसारखी. मार्कंडेय ऋषींनी शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाताने परतावं लागलं, ही इथली कथा. म्हणून लोक महाशिवरात्रीला आंघोळीला येतात, घरातलं माणूस गेलं की अस्थी घेऊनही येतात. ज्याला खरी काशी परवडत नाही, त्याची काशी ही. इथे तिला कुणी 'मिनी' म्हणत नाही. पुण्य काही लहान-मोठं नसतं.

खजुराहो हे नाव नजरेचं आहे. जॉन अरी या समाजशास्त्रज्ञाने १९९० साली 'द टुरिस्ट गेझ' या पुस्तकात मांडलं, की पर्यटकाची नजर आधीच घडवलेली असते. चित्रं, जाहिराती आणि आता रील्स त्याला काय पाहायचं ते सांगून ठेवतात. 'मिनी खजुराहो' हे शब्द नेमकं तेच करतात. येणारा मिथुनशिल्पं शोधतो, दोन फोटो काढतो आणि निघतो. नदी कुठे वळते, हे त्याने पाहिलेलंच नसतं. शिवाय 'मिनी' म्हटल्यावर तुलनेचा निकाल आधीच लागलेला असतो.

पण अरी इथे पुरत नाही. यात्रेत आजीसोबत डुबकी मारणारी मुलगीच थोड्या वेळाने शिल्पांपुढे सेल्फी काढते. यात्रा हा बाजारही असतोच. त्यामुळे 'भाविक चांगले, पर्यटक वाईट' ही मांडणी आळशी आहे. फरक कळतो तो देखावा बिघडल्यावर. मंदिराच्या दुरुस्तीचं काम कित्येक वर्षं रखडलं. पाहायला आलेल्याच्या दृष्टीने तेव्हा गावात 'पाहण्यासारखं' कमी झालं. अस्थी घेऊन येणाऱ्याच्या दृष्टीने काहीच कमी झालं नाही.

पर्यटन नको, असं गडचिरोलीत बसून म्हणणं सोपं नाही. इथे रोजगार हवाच आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्यामुळे स्थानिक पोरं गाइड झाली, जिप्सी चालवू लागली. त्याच ताडोब्यातल्या काही गावांना मात्र उठून दुसरीकडे जावं लागलं. पाहण्याची जागा ठरली, की तिथे कोण राहणार हेही ठरू लागतं. मार्कंड्यात उद्या घाट सुशोभित झाला, तिकीट आलं, तर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला कुठे उभं करणार? आराखडा करणाऱ्यांनी हे आधी गावाला विचारायला हवं.

आणि फलक लावायचाच असेल, तर त्यावर खजुराहोऐवजी नदीच्या वळणाबद्दल दोन ओळी लिहाव्यात. मग पाहुणा निदान तिकडे वळून बघेल.